म्हसावदची दुसरी बैठक

"पंपाला हात लावू नकोस! आधी भट्टीतली आग बाहेर ओढ!" मी ओरडलो आणि उखा मिस्त्रीला खांद्यानेच बाजूला ढकललं.

बॉयलरला बाहेरून एक काचेची नळी असते, गेज ग्लास. आत पाणी किती, ते तिच्यात दिसतं. त्या दिवशी नळीत पाणी दिसतच नव्हतं. अशा वेळी तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडलं तर तो फुटतो आणि आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातली माणसं जागच्या जागी जातात. मी फोरमन खरा, पण हे मला उखानेच शिकवलेलं. आणि आज तोच पंप सुरू करायला निघाला होता! तोंडाला मोहाच्या दारूचा भपकारा. माझा हात उगारला गेला, तो कसाबसा आवरला. आग ओढली, जीन बंद केली.

मॅनेजरने ऑफिसात बोलावलं. "आजच काढा त्याला."

"साहेब, सीझन ऐन भरात आहे. बॉयलरचा सर्टिफिकेटवाला दुसरा माणूस शहाद्यात कुठून आणू?"

"आठ दिवस देतो. परत वास आला, तर तो घरी आणि त्याच्याबरोबर तुम्हीही."

घ्या! मी बाहेर आलो तर उखा कोळशाच्या ढिगावर बसून रडत होता. "दादा, पोरनी आन लिनी, देवनी आन लिनी. दिन बुडना का पाय तिकडेच वळतस. एकलाले माले ती नही सुटत."

तेव्हा मुंबई राज्य होतं आणि दारूबंदी कडक. म्हणजे कागदोपत्री कोणी पीतच नव्हतं, मग सोडवणार कोणाची? दवाखान्यात न्यावं तर डॉक्टर विचारणार, कुठे प्यायलास? पोलिसांच्या कानावर गेलं की जेल. दोन दिवस मी नुसत्या येरझारा घातल्या. जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी कापूस घेऊन आलेला एक गाडीवान कानाशी लागला. "म्हसावदले बैठक भरस. दारू सोडेल मानसं बसतस. त्याले तठे धाडा." मी नीट पत्ता विचारेपर्यंत त्याची गाडी गेटाबाहेर पडलीसुद्धा.

रविवारी जीन बंद. दुपारच्या एस.टी.ने उखाला घेऊन म्हसावद गाठलं. चहावाल्याला विचारलं, "इथे बैठक कुठे भरते हो?"

त्याने आम्हाला वरून खालून पाहिलं. उखाचे थरथरणारे हात पाहून त्याने डोळा मिचकावला. "नालाना पल्याड, बाभूळना मांगे. पन हळूच जा."

बरोबरच आहे, मला वाटलं. पिणं गुन्हा, मग सोडणंही लपूनछपूनच चालणार. शहाणपण बघा माझं!

बाभळीमागे झोपडी होती. पन्नाशीच्या एका बाईने आम्हाला गोणपाटावर बसवलं आणि काही न विचारता दोन पेले पुढे ठेवले. वास आला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. चार जण 'बसतात' म्हणजे काय करतात, ते सगळ्या खानदेशाला ठाऊक. फक्त मलाच नव्हतं. तोवर उखाने पेला उचललाच होता.

"अहो बाई, आम्ही पिणाऱ्यांच्या नाही, सोडणाऱ्यांच्या बैठकीला आलोय!" मी जवळजवळ किंचाळलो.

मला वाटलं, आता शिव्या घालते. पण तिने उखाच्या हातातला पेला काढून घेतला.

"मंग आठे काय मराले उनात? ती बैठक मोठी विहीरजोडे शे, गुजर पाटीलना केळीना मळामां. मन्हा घरवाला बी तठेच बसस."

"तुमचा नवरा?"

"त्याले सोडीसन आठ महिना व्हयनात. मन्हं गिऱ्हाईक घटनं. पन आते तो माले मारत नही." मग माझ्याकडे न बघता उखाला म्हणाली, "जाय भाऊ. दिन बुडाना आगोदर पोच."

मळ्यात विहिरीजवळ सात-आठ माणसं शेंगा सोलत बसली होती. बाईने पाठवलंय म्हटल्यावर तिच्या नवऱ्याने सरकून उखाला जागा दिली. भाषण नाही, शपथ नाही. एकाने एवढंच विचारलं, "तुले कोनती येळ जड जास?"

"दिवा लावानी."

"मंग ती येळले एकला ऱ्हाऊ नको."

बस्स! एवढ्यासाठी इतकी धावपळ? आणि शहाद्याहून रोज दिवेलागणीला म्हसावदला जाणार कसा? परतीच्या गाडीत मी सारखा चुळबुळत होतो.

सोमवारी मी मॅनेजरला सांगितलं, उखाची शिफ्ट बदला, दुपार ते रात्र करा.

"पिणाऱ्याला संध्याकाळी बॉयलरवर? डोकं फिरलंय का तुमचं?"

"दिवेलागणीला तो एकटा नसेल. मी शेजारी बसेन. रविवारी तो म्हसावदला जाईल."

आठव्या दिवशी मॅनेजरने बैलाचे दात बघावेत तसं उखाचं तोंड हुंगलं, वास सापडला नाही तसा ऑफिसात निघून गेला.

उखाने तो सीझन काढला, पुढचाही काढला. एकदाच घसरला, होळीला. दुसऱ्या दिवशी गेटाशीच थांबला आणि म्हणाला, "दादा, काल पी लिनी. आज माले बॉयलरजोडे येऊ दिऊ नका."

त्या दिवशी जीन बंद राहिली. मॅनेजरच्या शिव्या मी पोटभर खाल्ल्या, आणि खरं सांगतो, एकही लागली नाही. पिऊन आलेले बरेच पाहिले होते. तसं सांगायला आलेला तो पहिलाच.

बाकी माझा धडा एवढाच, की दारू सोडायचा पत्ता हवा असेल तर विकणारीलाच विचारावा. आपलं गिऱ्हाईक कुठे गेलं, ते तिला बरोबर माहीत असतं.