रबरी चपलांचा राखणदार

सगुण कोरगावकर डिसेंबर ते मे जवळजवळ रोज मरायचा. दशावतारी कंपनीत तो राक्षसाची कामं करी, आणि राक्षसाला शेवटी दुसरं करण्यासारखं काही उरतच नाही. पण मरावं तर सगुणनं. बाण लागला की तो आधी बाणाकडे अविश्वासानं बघायचा, मग रंगमंचावरच्या बाकावर हात टेकायचा, पेटीवाल्याला ‘जरा ओढ’ अशी खूण करायचा आणि प्रेक्षकांनी उठून चहा पिऊन परत यावं एवढा वेळ मरत राहायचा. राजाचं काम करणारा ओंकार धनुष्य धरून ताटकळत उभा. पेडण्यापासून डिचोलीपर्यंतची म्हातारी माणसं सांगत की नाटक कुठलंही असो, सगुणचं मरण बघितल्याशिवाय घरी जायचं नाही.

दिवसा मात्र तो तुयेंच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात खोकी बांधायचा. झोप तो कारखान्यातच काढायचा. सुपरवायझर दशावताराचा वेडा असल्यामुळे ते खपून जाई.

फेब्रुवारीत केरीच्या जत्रेत प्रयोग झाला आणि तो लांबला. उजाडायला आलं. तोंडावरचा रंग काढायला खोबरेल लागतं, आणि ओंकारनं आपलं गोरंगोमटं राजबिंडं तोंड चोळताना बाटली रिकामी केली होती. सगुणला आठाची पाळी गाठायची होती. तो तसाच निघाला. लाल रंगवलेलं तोंड, कानापर्यंत चढवलेल्या काळ्या मिशा, डोक्यावर केसांचा टोप, अंगात जांभळा मखमली झगा आणि पायात रबरी चपला. हेल्मेट टोपावर बसत नव्हतं म्हणून हँडलला अडकवलं.

पार्स्याच्या खालच्या शेतातून रस्ता जातो, तिथं पाणी जायला बांधलेली एक मोरी आहे. मोरीकडे स्कूटर बंद पडली. सगुणनं ती झुडपाआड उभी केली, हलका झाला, मोरीच्या कठड्यावर चढून बसला आणि विडी पेटवली. शेतावर धुकं होतं. एवढ्यात एक गाडी आली, हळू झाली आणि एकदम भन्नाट पळाली. पर्यटक असतील असं म्हणून सगुणनं विडी संपवली, दोन लाथा मारून स्कूटर चालू केली आणि घर गाठलं.

दुपारी कारखान्यातून आला तर बायको दारातच उभी. यशोदा मूळची आरोंद्याची. माहेरचा एक ग्रुप, सासरचा एक, महिला मंडळाचा, भजनाचा, शिवाय कुणाच्या तरी लग्नासाठी केलेला आणि लग्न मोडल्यावरही चालू राहिलेला एक, अशा सगळ्या ग्रुपांत ती होती. तिनं मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

“बघा. आमच्या मोरीर राखणदार दिसलो.”

राखणदार म्हणजे गावाच्या वेशीचा, शेताभाताचा न दिसणारा रखवालदार. पेडण्यात त्याला कोण मानत नाही? वर्षातून एकदा त्याला रोट, विडी, थोडी दारू आणि नव्या वहाणा देतात. चुकलं तर तो वाट चुकवतो म्हणतात. सगुणनं व्हिडिओ बघितला. धुक्यात उंचावर काहीतरी जांभळं बसलं होतं. लाल तोंड वळलं, तोंडातून धूर निघाला, आणि गाडीतली बाई “देवा रे” म्हणाली. खाली लिहिलं होतं: ‘हा संदेश अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत शुभवार्ता येईल. एका माणसाने हसण्यावारी नेले, त्याचा पाय मोडला.’

“यशोदा, हो मी आसंय.”

तिनं व्हिडिओकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

“हो बघा केदो उंच आसा.”

“कठड्यार बसलंय म्हणान उंच दिसता. चपलो बघ. तूच हाडलंस मगे मांद्र्याच्या बाजारातसून.”

“राखणदार चपलो घालताच. आमी वर्साक दितों कित्याक मग?”

“रबरी?”

“कोणी तरी रबरी दिल्यो आसतल्यो. लोकांची दानत खंय उरली आता,” असं म्हणून तिनं जेवायला वाढलं. त्याआधीच तिनं अकरा जणांना पाठवून टाकलं होतं, आणि शुभवार्ता म्हणून बहिणीचा फोनही येऊन गेला होता. तिच्या म्हशीला रेडी झाली होती.

संध्याकाळी सगुण चहाच्या दुकानात गेला. तिथं कृष्णनाथ बसले होते. हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, गावच्या ग्रुपचे अॅडमिन, आणि बातमी यायच्या आधी तिचा अर्थ सांगणारे गृहस्थ. दुकानात सगळे मोबाइलवर डोकी घालून बसलेले. व्हिडिओ तोवर सावंतवाडीला जाऊन, तिथून गुजरातमार्गे परत आला होता. येताना बरंच काही घेऊन आला होता. राखणदाराची सावली पडत नाही, हे परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मान्य केलं होतं. सरकारला हे दाबायचं होतं. आज रात्री बारानंतर व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवरून पुसला जाणार होता.

“सूर्य उगवूक नाय तर सावली खंयसून पडतली?” सगुण म्हणाला. “तो मी आसंय. केरीसून येय होतंय.”

सगळ्यांनी मोबाइलवरून डोकी वर काढली. मग कृष्णनाथांनी बशी खाली ठेवली.

“सगुण, तुका ह्या कोणी सांगूक सांगला?”

“कोणी नाय. मीच तो.”

“तसांच म्हणूचां लागता,” कृष्णनाथ समजुतीनं म्हणाले आणि बाकीच्यांकडे वळले. “त्या शेतात माती घालणाऱ्यांका राखणदार अडचण जाता. आता ते एकेकाक धरून म्हणूक लावतले, तो मी, तो मी. बघा, अजून दोगे येतले.”

आणि खरंच आले. दुसऱ्या दिवशी डिचोलीकडच्या एका नटानं फेसबुकवर लिहिलं की व्हिडिओतला कलाकार आपणच. यानं सगुण जेवढा पेटला तेवढा कशानंच पेटला नव्हता. राखणदारानं श्रेय घेतलं तर घेतलं, त्याच्याशी भांडण नाही. पण डिचोलीचा तो माणूस जन्मभर ऋषीची कामं करत आला होता. त्याला साधं गुरगुरता येत नव्हतं.

माती घालणारे म्हणजे कोण, ते सांगायला हवं. मोरीच्या पलीकडच्या भातशेतीत कुणा बाहेरच्या माणसानं तांबड्या मातीचे ढीग टाकायला सुरुवात केली होती. पाणी तुंबत होतं. पंचायतीत अर्ज गेले होते, पंचायत ‘पाहणी’ करणार होती, आणि पाहणीला मुहूर्त मिळत नव्हता. सगुणची एक मळी, म्हणजे भाताचा तुकडा, त्याच पाण्यावर होती.

गावात गौरेश नावाचा पोरगेला पत्रकार होता. त्याचं ‘सडेतोड गोवा’ नावाचं मोबाइलवरचं चॅनेल होतं. तो सगुणकडे येऊन म्हणाला, “काका, तुमची बाजू मांडूया.” सगुणनं अर्धा तास बाजू मांडली. बाहेर आलं ते असं: सगुण कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो, “राखणदार हा गावाचा बाप. त्याच्याशी खेळ करू नये.” हे तो बोलला होता, पण त्यापुढे ‘म्हणूनच सांगतो, तो मी होतो’ असंही होतं. ते गौरेशनं वेळेअभावी कापलं.

“वेळेअभावी?” सगुणनं फोन करून विचारलं.

“काका, तुम्ही दिसताय म्हणून कोणी बघत नाही. राखणदार दिसतोय म्हणून बघतात. माझा काय दोष?”

यावर सगुणला जे सुचलं ते त्याच्या आयुष्यातलं सर्वांत अक्कलशून्य काम ठरलं. येत्या रविवारी सकाळी, मोरीकडे, सगळ्यांसमोर तोंड रंगवून दाखवायचं. मग बोला म्हणावं.

रविवारी मोरीकडे जत्रा भरली. पोदेर पावाची टोपली घेऊन आला होता तो टोपली रिकामी करूनच गेला. सगुण खुर्ची टाकून बसला, आरसा कठड्याला टेकवला. एकेक रंग उचलून तो लोकांना दाखवत होता. “ह्यो तांबडो. ह्यो काळो. ह्यो मिशयो.” गौरेश मोबाइल काठीवर लावून थेट प्रक्षेपण करत होता. अर्धं तोंड होईपर्यंत लोक हसत होते. डाव्या बाजूनं राक्षस, उजव्या बाजूनं खोकी बांधणारा सगुण. एक-दोघं “अरे होच तो” असंही म्हणाले. सगुणच्या जिवात जीव आला.

मग दुसरी मिशी चढली, टोप बसला, झगा अंगात गेला, आणि तो कठड्यावर उभा राहिला. हसणं थांबलं. कुणाचं चुकलं म्हणणार? पंचवीस वर्षं तो त्या रंगात लोकांना भिववत आला होता. त्यानं खात्री पटवायला म्हणून आपली ती प्रसिद्ध डरकाळी ठोकली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी सरळ रस्त्यावर आडवी झाली आणि तिनं हात जोडले. तिच्या मागं आणखी दहाबारा जणी वाकल्या. त्यात यशोदा होती.

“अगे ऊठ! मी सगुण,” सगुण ओरडला.

कृष्णनाथ पुढं आले. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या होत्या. “ऐकलांत?” ते लोकांना म्हणाले. “झाड आपलां नाव सांगता. पण झाडाच्या तोंडान बोलता कोण?”

ज्याच्या अंगात देव येतो त्याला झाड म्हणतात, आणि झाड काहीही बोललं तरी ते देवाचंच. या तर्कातून सुटायला वाट नव्हती. गौरेशच्या पडद्यावर अक्षरं झळकली: ‘थेट: राखणदार संचारला.’

“आमचां काय चुकला ता सांग,” कृष्णनाथांनी हात जोडून विचारलं.

सगुणला रडू यायचं बाकी होतं. उन्हात रंग ओघळत होता, आणि पुढ्यात सगळा गाव वाकलेला. सरपंचसुद्धा. त्याची नजर सरपंचावरून मागच्या मातीच्या ढिगांवर गेली, ढिगांवरून आपल्या तुंबलेल्या मळीवर. माणसाच्या मनात पाप यायला वेळ लागत नाही. पुण्य आलं तरी तेवढाच लागतो. हे नेमकं काय होतं ते त्याला पुढंही कधी ठरवता आलं नाही. त्यानं पोटातून, राक्षसाच्या आवाजात सांगितलं:

“ही माती हंयसून काढा. माझी वाट तुंबली.”

सोमवारी डंपरवाल्यांनी, जे बहुतेक सिंधुदुर्गातले आणि राखणदाराला चांगले ओळखणारे, त्या शेतात माती घेऊन चाक घालायला नकार दिला. बुधवारी पंचायतीची पाहणी झाली. आठवडा संपायच्या आत ढीग ज्यानं आणले त्यानंच उचलून नेले, म्हणे त्याच्या मेहुण्याला स्वप्नं पडू लागली होती. मोरीतून पाणी धो धो वाहू लागलं. कठड्यावर रोट, विड्यांची बंडलं आणि देशी दारूच्या बाटल्या जमल्या. त्यातली विड्यांची बंडलं तेवढी सगुण येताजाता उचलायचा. त्याच्याच नावाची होती.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण पुढच्या शनिवारी लाटंबार्श्याला प्रयोग होता. कंपनीचे मालक नारायणमामा यांनी फलकावर लिहून टाकलं होतं: ‘राखणदार फेम’. सगुणनं रंगमंचावर पाऊल टाकलं तर टाळी नाही, शिट्टी नाही. बायका उठून उभ्या राहिल्या. त्यानं राजकन्येला पळवलं; लोकांनी माना डोलावल्या, नेण्यामागं काहीतरी कारण असेल. शेवटी ओंकारनं धनुष्य उचललं तसा पुढच्या बाकावरचा एक गृहस्थ उभा राहिला.

“ओ राजे. तेका मारूचो नाय.”

ओंकारनं विंगेकडे बघितलं. “हा असुर आहे,” तो नाटकी मराठीत म्हणाला.

“आसूं दे. उद्या आमच्या शेतात माती पडली तर तुमी येतलास काढूक?”

सभेतून रुकार आला. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, जागच्या जागी रचायचे असतात, म्हणून नारायणमामांनी नारदाला आत ढकललं. नारदानं तह घडवून आणला. राक्षसाला अर्धं राज्य मिळालं. राजकन्येनं दोघांनाही ओवाळलं. पेटीवाला मरणाचा सूर धरून बसला होता, त्यानं तोच जरा जलद वाजवला.

पडद्यामागं ओंकार मुकुट काढून बसला. “माझा काय काम उरला?” तो म्हणाला.

“तुजां सोड,” सगुण म्हणाला. “माका मरूक दिणत नाय.” तो खरोखर खट्टू झाला होता. अर्धं राज्य मिळूनही त्याला कधी एवढं कमीपणाचं वाटलं नव्हतं. राक्षसाला जिवंत राहायला काय लागतं? कुणीही जिवंत राहतो.

पुढचे सगळे प्रयोग असेच तहावर संपले. सगुण कृष्णनाथांकडे गेला, विनवून म्हणाला की ग्रुपवर लिहा, राखणदार परत आपल्या जाग्यावर गेला. कृष्णनाथांनी विचार करून नकार दिला. अशा गोष्टी अधिकृतपणे सांगता येत नाहीत म्हणाले.

सोडवणूक झाली ती आणखी एका मेसेजनं. एप्रिलच्या सुरुवातीला सगळ्या ग्रुपांवर एकदम आलं की धरणाच्या पाण्यात काहीतरी मिसळलंय, दोन दिवस नळाचं पाणी तोंडाला लावू नका. राखणदार एका दुपारीत मागं पडला. त्या रात्री कोरगावच्या प्रयोगात ओंकारचा बाण सुटला, सगुण यथासांग, रेंगाळत रेंगाळत मेला, आणि कुणी हरकत घेतली नाही. निम्मे लोक बाटलीबंद पाण्याच्या भावाबद्दल बोलत होते.

सकाळी तो घरी आला तर अंगणात घागरी, बाल्दी, कळशा, भाताचा टोपसुद्धा मांडून ठेवलेला. यशोदा विहिरीवर जायच्या तयारीत होती.

“ह्या खोटां आसा,” सगुण म्हणाला. “तुका अजून कळणा नाय? कोणीतरी सोडून दिल्यानी आसतला.”

“आसूं दे खोटां.”

“मग?”

“खरां निघाला तर?” तिनं कळशी कमरेवर घेतली. “पाणी भरून ठेवूक आपला काय जाता?”

  सगुणनं दोन घागरी उचलल्या आणि तो तिच्या मागं विहिरीकडे चालू लागला.