बाईंची राहिलेली यात्रा

चाकणजवळच्या आमच्या गावात महादेवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आम्हा गुरवांकडे. त्या देवावरचा माझा विश्वास पहिल्यांदा डळमळला तो बायकोच्या गालात गाठ आली तेव्हा. लाळेच्या ग्रंथीचा कर्करोग, फार क्वचित होणारा. मुंबईला शस्त्रक्रिया झाली, पण घरी आल्यावर जखम भरेना. चाकणचे डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी सरळच सांगितलं, असा रोग मी पाहिलेला नाही, हात लावायला धजत नाही, मुंबईलाच न्या. त्या प्रवासाने ती पार गळून जायची. शेवटी म्हणाली, "आता न्हाई जायची मी. काय व्हायचं ते हितंच हू द्या." पट्टी बदलताना माझे हात थरथरायचे. ती कळवळली की पट्टी अर्धवट सोडून मी देवळात जाऊन बसायचो आणि इतक्या सेवेचं हेच फळ का, असं पिंडीला विचारायचो.

महाशिवरात्रीच्या सुमारास भीमाशंकरला निघालेली मोटार आमच्या वेशीपाशी बिघडली. उतारूंपैकी एक बाई दर्शनाला आल्या. मी पिंडीला स्नान घालत होतो, बायको गालावर पदर धरून खांबाला टेकली होती. पदराआडची पट्टी पाहून बाईंनी विचारपूस केली. त्या मुंबईत अशाच रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या नर्स निघाल्या. त्यांनी पाणी उकळायला लावलं, मला साबणाने हात धुवायला सांगितलं आणि जखमेपाशी बसवलं. माझा हात पुन्हा कापू लागला.

"पिंडीवर कसा कापत न्हाई वो?" बायको म्हणाली.

बाई हसल्या. "तसंच धुवायचं. धार बारीक, हात हलका. तुम्ही रोज करता ते हेच."

आणि हात खरोखरच स्थिर झाला. कसा, ते मला सांगता येत नाही.

मोटार दुरुस्त होऊन निघाली, पण बाई तिच्यात बसल्या नाहीत. आमच्या बैलगाडीतून उलट चाकणला आल्या. जखमेत काय पाहायचं, कशाला भ्यायचं नाही, मुंबईला कधी विचारायचं, हे सगळं त्यांनी डॉक्टरांना समजावलं. मग रजा संपली म्हणून तिथूनच पुण्याच्या मोटारीत बसल्या. डॉक्टर त्यानंतर स्वतः घरी येऊ लागले. हळूहळू जखम भरली. बायकोने भाकरी चावून खाल्ली त्या दिवशी मी देवळात पोटभर रडलो. हात मी जन्मभर जोडत आलो होतो. ते देवाच्या स्वाधीन कसे करायचे, हे मला त्या बाईंमुळे कळलं.

पुढच्या शिवरात्रीला आम्ही दोघं भीमाशंकरला गेलो. अभिषेक कोणाच्या नावाने, असं पुजाऱ्याने विचारलं आणि मी अडलो. बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. बायको पुढे झाली. शस्त्रक्रियेपासून एका बाजूला ओढलेल्या तोंडाने तिने सावकाश सांगितलं, "अर्ध्या वाटंवरनं आमच्यापायी माघारी फिरल्या, त्यांच्या नावानं."