तलावाच्या पाळीवरून

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिरोड्याला मुलीकडे होतो. सुशीलावहिनी रडत नव्हत्या. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या आणि फोन तसाच धरून राहिल्या. वर्षभर दवाखाना, घर, पुन्हा दवाखाना असं चाललं होतं, त्यामुळे धक्का असा बसला नाही. खूप थकल्यासारखं मात्र झालं. बस बदलत केशोरीला पोचलो तोवर माती आटोपून लोक आंघोळीला गेले होते. त्याच्या खोलीत जाऊन बसलो. खाटेशेजारी स्टुलावर, जुन्या टॉवेलखाली, त्याचा प्रोजेक्टर होता. त्याच्याकडे पाहिलं आणि मग मला रडू आलं.

आम्ही दोघं एकाच शाळेत. तो गणित शिकवायचा, मी मराठी. गणित पक्कं, पण हात असे की सायकलची चेन बसवायला घेतली तर मागचं चाक सुटून यायचं. अशा माणसाने निवृत्तीच्या आधी माळ्यावरून घरगुती सिनेमाचं जुनं यंत्र खाली काढलं तेव्हा, माकडाच्या हाती कोलीत, असं मी त्याच्या तोंडावर म्हणालो. तो हसला नाही. त्या यंत्रासोबत एकच फिल्म होती. त्याच्या वडिलांनी पुढाकार घेऊन गावतलावाची फुटलेली पाळ बांधून काढली, त्या वेळी नागपूरहून आलेल्या एका हौशी पाहुण्याने ती काढून यंत्रासकट भेट दिलेली. मनोहर तेव्हा पाळण्यात होता. पुढच्याच वर्षी वडील तापाने गेले. फिल्ममध्ये ते पाळीवरून चालत येतात, वळतात, परत जातात. बस, एवढंच.

यंत्र दिवाणखान्यात आलं आणि वहिनींनी त्याचं नाव सवत ठेवलं. आतला रबरी पट्टा विरघळून डांबर झाला होता. गोंदियाच्या दुकानदाराने टेपरेकॉर्डरचा पट्टा दिला आणि वर "मास्टरजी, अब इसको आराम करने दो" असा सल्लाही दिला. दिवा मिळेना, तर स्कूटरचा बल्ब बसवला. मधेच फिल्म अडकली आणि दिव्याच्या उष्णतेने मागे पाळीवर माती टाकणाऱ्या बायकांचा एक तुकडा जळून गेला. त्या दिवशी मनोहर जेवला नाही. अखेर एका दुपारी दारं लावून भिंतीवर धोतर ताणलं आणि वडील चालत आले. खोलीत जनाआत्या होती, वडिलांची थोरली बहीण. वडिलांना चालताना पाहिलेलं माणूस आता तेवढं एकच उरलं होतं. तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि मान हलवली.

"हा माजा भाऊ नाई होय. कोणी मागं लागल्यावानी चालून राहिला."

तिथून ते सुरू झालं. पट्टा ताणला की वडील धावायचे, सैल केला की अडखळायचे. शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडायचं आणि ते आजाऱ्यासारखे पाय ओढायचे. दर खेपेला आत्याला बाजेवरून उठवून आणायचं, तिने नाही म्हणायचं, मनोहरने पुन्हा स्क्रू खोलायचे. फिल्म जुनी, वाळलेली. दर वेळी कडेची भोकं थोडी फाटायची. म्हणजे बाप नीट चालावा म्हणून जितका प्रयत्न करायचा, तितका बाप झिजायचा. शेवटी पंख्याचा गोल फिरणारा रेग्युलेटर मोटरला जोडून घेतला, तेव्हा कुठे वेग हाताशी आला. पण किती ठेवायचा हे आत्याच सांगणार, आणि तिचे डोळे काचबिंदूने चालले होते. मला पाहवेना. मी म्हटलं, बाप दिसतो ना भिंतीवर, आता सोड.

"फोटोतला बाप त भिंतीवर आहेच," तो म्हणाला. "चालणारा एकच आहे, अन् तोच चुकीचा चालून राहिला."



मग एका दुपारी आत्या म्हणाली, "हो. आता बराबर. असाच चाले." मनोहरने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मला इतका आनंद झाला की मी आतून चहा मागवला. तो मला फाटकापर्यंत सोडायला आला आणि तिथे, माझ्याकडे न बघता, म्हणाला, "तिले काहीच दिसत नाही आता. सकाळी खांबाले धडकली. थकली बिचारी... किती दिवस बसवू तिले?" घरात जाऊन त्याने यंत्रावर टॉवेल टाकला. पुढच्या वर्षी आत्या गेली. तो टॉवेल त्याने परत काढला नाही. रेग्युलेटर जिथे होता तिथेच राहिला.

तेरवी होऊन काही आठवडे झाल्यावर मी पुन्हा केशोरीला गेलो. वहिनी म्हणाल्या, एकदा लावा. इतकी वर्षं त्यांनी रागाने कधी ते पाहिलं नव्हतं. त्याला इतक्यांदा फिल्म चढवताना पाहिलं होतं की मलाही ते जमलं. दारं लावली. वडील पाळीवरून येऊ लागले. हात मागे बांधलेले, उजवा खांदा जरासा उतरलेला, पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपल्यासारखी... शाळा सुटल्यावर फाटकातून येणारा मनोहर. फक्त चाल थोडी जलद होती.

"एवढ्या घाईनं कधी चालत होते हे?" वहिनी म्हणाल्या.

हे म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.

"थोडं हळू करा, भाऊजी."

मी रेग्युलेटर किंचित मागे फिरवला. "अजून." अजून फिरवला. पाळीवरचा माणूस सावकाश झाला, वळला आणि पाठमोरा जाऊ लागला.

"बस. असेच."

जी चाल तो आंधळ्या म्हातारीकडे मागत राहिला, ती त्याच्याच अंगात होती. पण स्वतःला चालताना कोण पाहतो? तो गेला, आणि आता सांगणारं माणूस मिळालं. मला हे फार जड झालं. मी यंत्र बंद केलं आणि टॉवेल उचलला. वहिनी म्हणाल्या, थांबा. देवघरात गेल्या आणि बोटावर कुंकू घेऊन आल्या. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर आता ते नव्हतं. रेग्युलेटरचा बाण जिथे थांबला होता, तिथे त्यांनी एक ठिपका लावला.

"उद्या कोणी हात लावला, तर हे पुन्हा धावायचे," म्हणाल्या.