अप्पांची उन्हाळी ड्यूटी

सूर्याशी जन्माचं वैर धरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका ताडकळसला आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. गुरांच्या दवाखान्यात उभी हयात कंपाउंडरकी करून हे गृहस्थ निवृत्त झाले होते. सारं गाव त्यांना अप्पा म्हणे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात खिशाची बंडी आणि हातात जर्मनची मोठी किटली. सरकारनं त्यांना सोडलं होतं, पण त्यांनी ड्यूटी सोडली नव्हती. शिमगा झाला की ती सुरू व्हायची आणि मृग लागेपर्यंत चालायची. ऐंशीनंतरची ती चार-पाच वर्षं मी तिथल्या शाळेत मास्तर होतो, म्हणून हे सगळं बिनतिकिटी बघायला मिळालं.

अप्पांचा शिरस्ता उलटा होता. माणसांना ते अरे-तुरे करत आणि जनावरांना अहो-जाहो. तलाठी आला तर, "ये रे, टेक तिथं." त्याच्या मागून मोकाट कुत्रं आलं तर, "या, सावलीला बसा. पाणी घ्या." गल्लीत दर दोन घरांआड त्यांनी मातीची परळं ठेवली होती. सकाळी अकराला आणि दुपारी तीनला ती स्वतः विसळून भरत. तापलेलं पाणी एखाद्या कुत्र्यानं प्यायलं तर कळ अप्पांच्या पोटात यायची. कोंबड्यांच्या खुराड्यावर ओलं पोतं, शेळीला कडुनिंबाखालची जागा, आणि राघूचा पिंजरा तर सावलीबरोबर दिवसभर अंगणात फिरायचा. रांजणापाशी असला की दहा वाजले, जिन्याखाली गेला की बारा, न्हाणीच्या भिंतीला टेकला की दोन. माझं घड्याळ बंद पडलं तेव्हा मी या पिंजऱ्यावर विसंबून परभणीची गाडी धरायला निघालो, तर गाडी कधीच गेलेली. मागाहून कळलं, त्या दिवशी राघूला डुलकी लागली म्हणून अप्पांनी पिंजरा हलवलाच नव्हता. त्याच्यावर छत्री धरून स्वतः उन्हात बसले होते.

कुत्रं फिरवायला काढणाऱ्याची ते आधी परीक्षा घेत. गावात नवीन आलेला ओव्हरसियर भर बाराला आपलं गुबगुबीत कुत्रं साखळीनं ओढत डांबरी सडकेवर निघाला होता. अप्पांनी त्याला हात करून थांबवलं.

"सायब, चपला काढ."

"कशाला?"

"काढ तर. आन् धापर्यंत मोज."

ओव्हरसियर चौथ्या आकड्यालाच नाचायला लागला.

"तुला चार मोजवंना, आन् त्यांना बसस्टँडपस्तोर चालवायलास व्हय?"

तेव्हापासून ओव्हरसियर पहाटे फिरू लागला. आणि अप्पांच्या दारावरून जाताना, सवयीनं, चपला हातात घेऊन.

परीक्षा माझीही झाली. तिच्यात मी काय दिवे लावले ते सांगतो.

जिलबी ही माझ्या बायकोची कुत्री. शेपूट गोल, म्हणून हे नाव. लग्नानंतर बायको चुडाव्याहून आली तीच हिला काखेत घेऊन. त्या मे महिन्यात मेव्हणीचं लग्न निघालं. लग्नघरात पाहुण्यांची वर्दळ, म्हणून बायकोनं जिलबीला माझ्यापाशी ठेवलं आणि निघताना बजावलं, "हिला जपा. ऊन फार आहे." मला ऊन लागण्याविषयी ती काही बोलली नाही.

खरं तर मी अप्पांना विचारायला हवं होतं. पण मी पडलो मास्तर, आणि मास्तरानं विचारायचं नसतं, सांगायचं असतं, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती. आमच्याकडे उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात. जिलबीला खिसा नव्हता. तिच्या गळ्यात कांदा बांधून पाहिला, तर अप्पांची शेळी तिच्या मागं लागली. मग मला सुचलं, खिशातला कांदा एवढा गुणकारी, तर पोटातला किती असेल! दोन्ही वेळा दही-भाकरीत भाजलेला कांदा सुरू केला. सहा दिवस. चुडाव्याला कार्डही टाकलं, 'जिलबीची काळजी नसावी. विशेष व्यवस्था केली आहे.'

सातव्या दिवशी जिलबी अंगणातल्या मोरीत पडली ती उठेना. धापा टाकत होती आणि लघवी विटकरी लाल. ऊन लागलं असं धरून मी गोळेवाल्याकडून बर्फाचा मोठा तुकडा आणला आणि तिच्या अंगावर ठेवणार, तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला, "ठेव त्यो खाली!"

अप्पा आले. त्यांनी जिलबीचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या पांढऱ्याफटक. मग कानाला, पोटाला हात लावला.

"अंग तर तापलेलं न्हाई. काय खाऊ घातलंस?"

मी अभिमानानं सांगितलं. अप्पा मोरीच्या काठावर बसले.

"बोरी गावात एकानं सडके कांदे बैलांपुढं टाकले व्हते. त्यांचं बी मूत असंच लाल व्हतं. जोडीतला एक गेला." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "हिला ऊन न्हाई लागलं मास्तर, तू लागलास."

अप्पांच्या निरोपावरून दुपारी जनावरांचे डॉक्टर आले. सुई टोचली. कांदा बंद, पाणी पाजत राहा, गारव्याला ठेवा, जमलं तर कलेजी उकडून द्या, आणि तीन दिवस वाट बघा, म्हणाले. तीन दिवसांनंतर काय, ते बोलले नाहीत.

मी पिशवी शोधेपर्यंत अप्पा बाहेर पडलेसुद्धा. ज्या माणसानं जन्मात अंड्याला हात लावला नव्हता, तो कपाळावरच्या विभूतीसकट, नाकाला उपरणं बांधून, खाटकाकडून पानात गुंडाळलेली कलेजी घेऊन आला आणि माझ्या स्टोव्हपुढं बसला. वासानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अप्पा, राहू द्या. मी करतो."

"तू? आणिक? सरक तिकडं."

"पण तुमचा धर्म..."

"जिलबीबाई लिंगायत हायेत व्हय?"

मग उकडलेली कलेजी बोटानं बारीक करून ते तिच्या तोंडाशी धरत. "घ्या बाई, दोन घास घ्या. सूनबाईला मी काय तोंड दाखवू?" तोंड दाखवायचं होतं मला. पण ते 'मी'च म्हणत होते.

तीन दिवस ओलं पोतं, परळ आणि अप्पा मोरीतून हलले नाहीत. मी पंख्यानं वारा घालत होतो, आणि बायको गाडीतून उतरताना पहिला प्रश्न काय विचारेल त्याचा विचार करत होतो. तिसऱ्या दिवशी जिलबीनं अप्पांच्या ओंजळीतलं पाणी लपलप करत संपवलं. अप्पांनी तिचा ओठ उचलून पाहिलं. "गुलाबी व्हायलंय," एवढंच म्हणाले आणि घरी जाऊन दोन बादल्या आंघोळ केली.

बायको आली. "ऊन बाधलं नाही ना हिला?" मी तिची पिशवी उचलायला वाकलो. भिंतीवरून अप्पा बोलले, "मास्तरानं लय जपलं, सूनबाई."

संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेलो. "अप्पा, टोमणा मारलात ना?"

"न्हाई रे. जपलंसच की. निस्तं इचारलं न्हाईस."

"तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

"मला कशाला? तिला. पहिल्या दिशी खाल्ला का तिनं कांदा?"

मी आठवू लागलो. पहिल्या दिवशी जिलबीनं भाकरी खाल्ली होती आणि कांद्याची एकेक पाकळी काढून ताटलीच्या कडेला ठेवली होती. मला ते नखरे वाटले. म्हणून तर दुसऱ्या दिवसापासून मी कांदा वाटून घालायला लागलो.

"मग? तिनं सांगितलं व्हतं की," अप्पा म्हणाले, आणि किटली उचलून गल्लीत गेले.

अप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या आगेमागेच जिलबीही म्हातारी होऊन गेली. पुढं बदलीच्या गावांत आमच्याकडे दोन कुत्री आणि एक मांजर नांदून गेलं. त्यांची ताटली विसळायला उचलली की मी जरा थांबतो. काय खाल्लं ते बघत नाही, काय ठेवलंय ते बघतो. एखादा घास कडेला सारलेला दिसला की "बरं, कळलं," असं म्हणून निमूट काढून टाकतो. कांद्याचं बायकोला मी अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मास्तरांचं आता वय झालं, ताटलीशी बोलतात.