रोडेलचे दोन फ्री थ्रो

कुया हिलार्योला माझ्या खाणावळीतल्या माशाचाही संशय येतो. सिनिगांगचा वाडगा समोर ठेवला की आधी चमच्याने तळ ढवळणार आणि मग विचारणार, "चायोंग, याचं डोकं कुठे गेलं?" चिंचेच्या आंबट रश्श्यात डोकं असतंच, पण ते वर येईपर्यंत या माणसाला धीर नाही. मी त्याला कुया म्हणते, म्हणजे दादाच. सख्खा असता तर कधीच अबोला धरला असता.

त्याचं बुटांचं दुकान माझ्या बरोब्बर समोर. आमच्या या मारिकिना शहरात एके काळी घरोघर बूट शिवायचे, आता बाहेरून आलेला स्वस्त माल विकतात. हा मात्र अजून लाकडी साच्यावर कातडं ताणून बसलेला असतो. तोंडात खिळे, कानाशी रेडिओ आणि रेडिओवर बास्केटबॉलचा सामना. तोंडात खिळे असले तरी त्याची मतं काही थांबत नाहीत.

आमच्याकडे पैसे घेऊन खेळणारे संघ गावांचे नसतात, कंपन्यांचे असतात. हिलार्यो जन्मापासून सार्डिनवाल्यांचा, म्हणजे डबाबंद मासे विकणाऱ्या कंपनीच्या संघाचा. पण त्यांच्यावर त्याचा विश्वास होता असं कुणी समजू नये. रिक्षावाला पोन्सो दुपारी माझ्याकडे जेवायला आला की मुद्दाम त्याला डिवचायचा.

"कुया, तो नवा पोरगा बघितलास? काय उडी मारतो!"

"उडी नको बघू, लंगडणं बघ. काल उजवा गुडघा दुखत होता, आज डावा. गुडघा नाही रे दुखत त्याचा. नवा करार हवाय."

"आणि अमेरिकेतून आणलाय तो?"

"बायकोला सोबत आणलं नाही. राहायचं असतं तो बायको घेऊन येतो."

"बायको नसेल बिचाऱ्याला."

"मग तर काडीचाही भरवसा नाही."

खेळ सोडलेल्यांचाही त्याने निकाल लावून ठेवला होता. एक नगरसेवक झाला, तर हा म्हणे, "खेळताना कधी कुणाला पास दिला नाही, आता लोकांना काय देणार?" एक सिनेमात गेला. "पंचांसमोर पडायचं नाटक तेव्हापासूनच झकास करायचा." एक कॅलिफोर्नियात म्हाताऱ्यांना आंघोळी घालण्याचं काम करतो असं कळलं, तेव्हा हिलार्यो समाधानाने मान हलवत म्हणाला, "भोगतोय." ज्याचं बरं झालं त्याने काहीतरी लाटलं, ज्याचं वाईट झालं त्याला शिक्षा मिळाली. तिसरी शक्यता त्याच्या डोक्यात शिरतच नसे. ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

पण रोडेल सुमिलांगवरच्या रागापुढे हे सगळं लाडाचं बोलणं होतं.

रोडेल आमच्या मागच्या गल्लीतलाच पोरगा, सार्डिनवाल्यांचा हुकमी नेमबाज. वीसेक वर्षांपूर्वी अजिंक्यपदाच्या शेवटच्या सामन्यात संघ एका गुणाने मागे होता, वेळ संपत आली होती आणि रोडेलला दोन फ्री थ्रो मिळाले, म्हणजे मध्ये कुणी न येता जाळीत टाकायचे एकेका गुणाचे दोन नेम. दोन्ही जाळीत पडले असते तर करंडक आमचा होता. दोन्ही चुकले. आम्ही टीव्हीसमोर रडलो. हिलार्यो तिकीट काढून स्टेडियमात बसला होता, तो दुसऱ्या दिवशी खटला मांडूनच बसला. रोडेलने फेकण्याआधी कानाला हात लावला, ती खूण होती. त्यानंतर काही महिन्यांतच त्याच्या दारात नवी गाडी उभी राहिली. झालं, सामना विकला! प्रत्यक्ष पाहून आलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर गल्लीने मान डोलावली. पोरंसुद्धा खेळताना कुणाचा नेम चुकला की ओरडायची, "किती घेतलेस रे, रोडेल?"

पुढच्या हंगामात संघाने त्याला सोडलं. मग तो लहानसहान संघांतून फिरला, एका शाळेत शिकवायला लागला आणि आई वारल्यावर तिच्या रिकाम्या घरात राहायला आला. समोरून तो येताना दिसला की हिलार्यो रस्ता ओलांडून माझ्या बाजूला यायचा.

गेल्या वर्षी नदी चढली. हिलार्योची एकुलती एक मुलगी लुनिंग तेव्हा पोटुशी होती, नवरा जहाजावर. पाणी घरात शिरलं आणि हिलार्यो तिला घेऊन ओट्यावर चढून हाका मारत बसला. होडी येईना. शेवटी रोडेल आला. आमच्या डोक्यावरून गेलं असतं ते पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं. त्याने लुनिंगला खांद्यावर घेतलं, उंचावरच्या शाळेपर्यंत पोहोचवलं आणि परत येऊन हिलार्योलाही नेलं. हिलार्यो त्याच्या खांद्यावरून उतरला आणि मला काय म्हणाला असेल? "फुकटात कुणी करत नाही, चायोंग. याला काहीतरी हवंय."

मुलगी झाली. लुनिंगने रोडेललाच निनोंग व्हायला सांगितलं, म्हणजे बाळाचा धर्मपिता. आमच्यात याला नाही म्हणता येत नाही, बाळाला अपशकुन होतो. आणि एकदा निनोंग झाला की तो माणूस घरचाच.

"त्या चोराच्या हातात माझी नात?" हिलार्यो दुकानातून ओरडला, ते मला पळ्यांच्या खडखडाटातही ऐकू आलं. "मी चर्चची पायरी चढणार नाही!"

"नका चढू, तातय," लुनिंग बापाला म्हणाली. बापासारखी ओरडत नाही ती, म्हणून तिची जास्त भीती वाटते. "मी सासरी बिकोलला जाते. ज्या माणसाने आम्हा दोघींना पाण्यातून काढलं त्याला चोर म्हणणाऱ्या घरात मी हिला वाढवणार नाही."

तिने पिशव्या भरायला घेतल्या. हिलार्योची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लुनिंग गेली असती तर त्या घरात रेडिओ आणि तो, एवढेच उरले असते. मी त्याला समजवायला गेले, तर माझ्यावरच उलटला, "तुला काय मिळणार यात?"

चर्चमधलं नामकरण रविवारी होतं. त्याच्या दोन दिवस आधी दुपारी रोडेल वाकून त्याच्या दुकानात शिरताना मला दिसला. मी लगेच एक वाडगा भरला आणि रस्ता ओलांडला. खोटं कशाला बोलू, ऐकायलाच गेले.

रोडेल बुटक्या स्टुलावर बसला होता, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. "कुया, मला तिला नाही म्हणता येत नाही. तुम्हीच समजवा. दुसरा कुणीतरी शोध म्हणावं. माझ्यापायी तिने घर सोडायला नको."

"म्हणजे वाईट मी व्हायचं? हुशार आहेस."

"मग मी काय करू ते तरी सांगा."

हिलार्योने तोंडातले खिळे काढून ठेवले. "कबूल कर. सामना विकला म्हण. मी रविवारी पहिल्या बाकावर येऊन बसतो."

"नाही विकला."

"कानाला हात का लावलास?"

"घाम आला होता."

"आणि गाडी?"

"मेव्हण्याची. तो सौदीला गेला, म्हणून माझ्या दारात लावली होती."

"सगळ्या चोरांचे मेव्हणे सौदीतच असतात."

मला हसू आलं. ते दोघं हसले नाहीत. रोडेलने जमिनीवरचा कातड्याचा एक तुकडा उचलून साच्याशेजारी ठेवला. मग थकलेल्या आवाजात म्हणाला, "बरं. विकला. झालं? आता पोरीला थांबवा."

वीस वर्षं जे ऐकायला हा माणूस तळमळत होता ते त्याला ताटात वाढून मिळालं. आणि त्याने काय करावं? डोळे बारीक केले.

"इतक्या सहज? आजवर नाही म्हणालास आणि आज लगेच हो? खोटं बोलतोयस तू."

तो वाडगा त्याच्या टकलावर उपडा करावा असं मला वाटलं.

"हो, खोटंच बोलतोय," रोडेल म्हणाला. "मी घाबरलो होतो, कुया. माझे हात थरथरत होते. चेंडू धरता येत नव्हता मला. तुम्ही तर तिथेच बसला होतात, तुम्हाला वेगळं काय सांगू? तुम्हीच सांगा, कसे होते माझे हात?"

 हिलार्योने समोरच्या साच्यावरून उगाच अंगठा फिरवला. तो संशयी आहे, तिरसट आहे, पण थेट विचारलं तर खोटं बोलणारा नाही.

"नाही पाहिले," तो म्हणाला.

"काय?"

"डोळे मिटले होते मी. दोन्ही वेळा. लोक ओरडले तेव्हा कळलं की गेलं सगळं."

"आणि कानाचं?"

"ते पोन्सो म्हणाला. त्याने टीव्हीवर पाहिलं होतं." हिलार्योचा आवाज अगदी खाली गेला. "भीती वाटली रे मला. तू चुकशील याची नाही, तू चुकूच शकत नव्हतास. तरी भीती वाटली. आणि मग तू चुकलास. तुझा नेम नुसताच चुकू शकतो, हे मला पटेचना."

मला वाटलं, आता दोघं गळ्यात पडून रडणार. पण रोडेल उठला. त्याचं डोकं वरच्या दिव्यावर आपटलं, त्याचंही त्याला भान नव्हतं.

"माझी आई इथेच मागच्या गल्लीत राहत होती, कुया. तुमच्या दुकानावरून जावं लागायचं म्हणून ती बाजाराला लांबून जायची. शेवटच्या आजारपणात मला म्हणाली, आता तरी सांग, घेतले होतेस का? माझी आई! आणि तुम्ही पाहिलंसुद्धा नव्हतं."

तो निघून गेला. वाडगा माझ्या हातात तसाच निवून गेला.

रविवारी हिलार्यो सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये हजर. लुनिंगला त्याने काय सांगितलं मला माहीत नाही, पण तिने भरलेल्या पिशव्या रिकाम्या केल्या होत्या. पहिल्या बाकावर तो, शेजारी बाळाला घेऊन ती. रोडेलचा पत्ता नव्हता. मागे आणखी तीन बाळं रांगेत होती, पाद्री पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होते. लुनिंगचा चेहरा उतरत चालला.

पोन्सो मागून म्हणाला, "नाही यायचा तो. ऐन वेळी कधी कामाला आलाय?" बाक खुसखुसलं. सगळे हिलार्योकडे बघायला लागले, आता हा तोंड सोडणार म्हणून.

हिलार्यो उठून मागे वळला. "येईल तो," म्हणाला. "तोंड सांभाळ, पोन्सो. आणि सगळे ऐका. त्याने सामना विकला नव्हता. नेम चुकला त्याचा. मी पाहिलं म्हणून तुम्हाला सांगत आलो, पण मी पाहिलंच नव्हतं. डोळे मिटून बसलो होतो मी."

 मला त्याची लाज वाटली आणि त्याच वेळी अभिमानही वाटला, दोन्ही खरंच सांगते.

रोडेल आला. शर्टाला घाईघाईत इस्त्री केलेली, डोळे न झोपल्यासारखे. बाळाला नाही म्हणता येत नाही, म्हणून आला असावा. हिलार्यो मधल्या वाटेत त्याला सामोरा गेला. केवढा लहान दिसत होता त्याच्यापुढे!

"सांगितलं मी सगळ्यांना," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगितलं."

रोडेलने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं.

"आईला सांगायला हवं होतं, कुया."

 हिलार्यो पहिल्या बाकाकडे परत गेला, सरकून त्याने जागा केली, आणि रोडेल बसला.