बारा फुटांचा तुकडा

आमगावजवळच्या आमच्या गावात, वस्तीतल्या विहाराला लागून पोरांसाठी अभ्यासिका बांधायची ठरली, तेव्हा मी नुकतीच सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन घरी आले होते. मिस्त्री म्हणजे माझे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ. अर्ध्या गावाचे स्लॅब त्यांच्या हातचे. स्लॅबला लोखंड किती लागेल, हे काढायचं काम वस्तीनं माझ्यावर सोपवलं. पहिलंच काम, तेही आपल्या माणसांसमोर.

मी दोन दिवस वहीत आकडे मांडले. रुंदीच्या बाजूनं, पाच पाच इंचांवर, बावन्न जाड सळया. एकेक चौदा फुटांची. बाजारात सळई चाळीस फुटांची मिळते. म्हणजे एकोणीस सळया पुरे.

"सव्वीस लागतीन," मोठेबाबा म्हणाले. वहीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"मोठेबाबा, मी दोनदा हिशोब केला."

"तिनदा कर. सव्वीसच लागतीन."

मला राग आला. जुन्या लोकांना दोन सळया जास्तच टाकायची सवय असते, असं आम्हाला वर्गात सांगितलं होतं. पण इथे तर सात जास्त! मी वही पुढे केली, तसे ते उठले. सुतळी घेतली, चाळीस फूट मोजली आणि अंगणात ताणून धरायला लावली. मग विळ्यानं चौदा फुटांवर कापली, पुन्हा चौदा फुटांवर कापली. उरलेला तुकडा माझ्या हातात दिला.

"हा बारा फुटाचा. आता यातून चौदा फुटाची सळई काढून दाखव."

सगळी लांबी एकत्र मिळवून मी चाळीसनं भागलं होतं, जणू लोखंड पाण्यासारखं कुठूनही कुठंही जोडता येतं. एका सळईतून दोनच निघणार. बावन्नला सव्वीस.

"मग एवढे तुकडे वाया जातील?" मी विचारलं.

"वाया कायले जातीन? अर्धे केले का छज्ज्याले होतेत." छज्जा, म्हणजे स्लॅबचा भिंतीबाहेरचा भाग, दोन फूट काढायचा होता, आणि तो तर मी हिशोबात धरलाच नव्हता. हे मी त्यांना तेव्हाच सांगून टाकलं. ते हसले नाहीत. "पहिल्यांदा असंच होते," एवढंच म्हणाले.

आमगावहून लोखंड आलं, जाळी बांधून झाली. स्लॅबच्या आदल्या दिवशी दुपारी मी वर चढले, तर छज्ज्याच्या सळया तळाला, फळ्यांलगत बांधलेल्या. बाहेर लोंबणाऱ्या भागाला लोखंड वरच्या अंगाला हवं.

"मोठेबाबा, हे वर उचलावं लागेल."

"काऊन? मी आजवर असंच बांधून राहिलो."

सगळे मजूर बघत होते. त्यांना समजेल असं कसं सांगायचं? मोठेबाबांची बायको, माझी मोठीआई, डबा घेऊन आली होती, त्यात काकडी होती. मी एक घेतली, तिचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि दुसरं टोक खाली दाबलं. "मूठ म्हणजे भिंत, बाहेरचं टोक म्हणजे छज्जा." काकडी वरून तडकली.

मोठेबाबांनी दुसरी काकडी घेतली आणि स्वतः मोडून पाहिली. मग तिसरी. मोठीआई ओरडली, "जेवाचं का काय तुमाले?"

"वरूनच फाटते ना," ते हळूच म्हणाले. मग मजुरांना म्हणाले, "सोडा रे तारा. बाई सांगते तसं बांधा." संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून प्रत्येक सळई वर उचलून बांधली. माझे हात तारेनं सोलवटले, पण इतकं बरं मला परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्लॅब टाकला. त्यानंतर तो पक्का व्हावा म्हणून त्यावर मातीचे बांध घालून पाणी भरलं, तेव्हा वर लावणीला तयार भाताची खाचरंच दिसू लागली. मोठीआई शिडीवरून डोकावून म्हणाली, "येवढ्या बांध्या केल्या तं रोवनाच करा आता!"

मोठेबाबा कधी नव्हे ते खळखळून हसले. आता ते कुणाच्या घराचं काम घेतलं की आधी मला फोन करतात. मी वही घेऊन जाते, ते सुतळी घेऊन येतात. आकडा जमेपर्यंत आम्ही भांडतो, आणि घरमालक बिचारा आमच्यासाठी चहा ठेवत राहतो.