भिंतीवरून आलेला साबण

गेंझोचं ऐकाल, तर त्याच्या डोक्यात आदळली ती साबणाची वडी नव्हतीच. आभाळातून सुटलेली शिळा होती. ती टाळूवर बसली तसा तो कढत पाण्याच्या हौदात तळाला गेला, आणि तिथं त्याला कधीच वारलेले आजोबा दिसले. नदीपल्याड पाय पसरून बसले होते. नातवाला पाहून म्हणाले, "इतक्या लवकर कशाला आलास? भात लावलेला नाही. जा परत." म्हणून तो परत आला, एरवी आला नसता.

ही शिळा दरवर्षी थोडी वाढते. मुलीच्या लग्नात ती कलिंगडाएवढी झाली होती.

त्याच्या बायकोचं, तोमिएचं म्हणणं असं की ती झिजून मुळ्याच्या चकतीएवढी उरलेली वडी होती. तिचे वडील पुरुषांच्या बाजूनं 'साबण टाक गं' म्हणून ओरडत होते, तिनं बायकांच्या बाजूनं टाकला. मध्ये हे डोकं आलं, तर त्यात तिचा काय दोष?

ओसाकातल्या त्या गल्लीत तेव्हा कुणाच्याच घरी आंघोळीची सोय नव्हती. सगळी गल्ली संध्याकाळी टोपली बगलेत मारून सागी-यु नावाच्या सार्वजनिक न्हाणीघरात जायची. आत एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका आणि मध्ये एक भिंत. भिंत बांधणाऱ्याचा मालमसाला संपला असावा, कारण ती छतापासून हातभर खालीच थांबली होती. त्या फटीतून वाफ जायची, साबण जायचा आणि गल्लीतली यच्चयावत भांडणं जायची.

"डोळे फुटले का?" गेंझो बुडबुडे सोडत ओरडला.

"भिंतीतून दिसायला माझे डोळे काय गिरमिट आहेत? डोकं बाजूला ठेवायचं होतंस," पलीकडून उत्तर आलं.

गेंझो त्या वेळी कागदी सरकत्या दारांच्या दुकानात कामाला होता. जुना कागद सोलायचा, लाकडी जाळीला खळ लावायची, नवा कागद ताणून बसवायचा. या धंद्यात बोलावं लागत नाही, आणि गेंझोला ते मानवलं होतं. दिवसाकाठी त्याच्या तोंडून जेवढे शब्द निघत, तेवढे इतर माणसं शिंकताना वापरतात. पण त्या संध्याकाळी तो भिंतीशी इतकं भांडला की पाणी निवलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा भांडला. पुढं पुढं तर भांडणाचं निमित्त उरलं नाही, तरी दोघं वेळ चुकवत नव्हती. तोंड बघण्याआधीच दोघांनी एकमेकांची सगळी मतं ऐकून घेतली होती. त्यामुळे बाहेर रस्त्यावर पहिल्यांदा गाठ पडली तेव्हा बोलायला काही शिल्लकच नव्हतं. गेंझोनं तिच्याकडे बघितलं, कानापर्यंत लाल झाला आणि "हं" म्हणाला.

लग्नानंतर तो 'अरे'चा 'अहो' झाला. 'हं' मात्र 'हं'च राहिलं. घरी भाताला 'हं', पावसाला 'हं', सासू येणार म्हटलं तरी 'हं', फक्त हे शेवटचं थोडं लांब. पण संध्याकाळी हौदात मानेपर्यंत बसला की हाच माणूस भिंतीवरून सुटायचा.

"ऐकतेस का गं, कपडे धुवायचं मशीन घ्यायचं का?"

"मघाशी घरी विचारलं तेव्हा तोंडात काय खळ होती?"

अशा त्यांच्या संसारातल्या सगळ्या मसलती भिंतीवरून झाल्या, आणि अर्थातच अख्ख्या गल्लीच्या साक्षीनं झाल्या. मुलीचं चिहारु हे नावसुद्धा तिथंच ठरलं. बायकांच्या बाजूनं ते एकमतानं मंजूर केलं, पुरुषांच्या बाजूनं मासळीवाल्या कुराताचा तेवढा विरोध होता. शेवटी गेंझो म्हणायचा, "निघतोय गं." ती म्हणायची, "आलेच." म्हणजे दोघं एकदमच दाराबाहेर पडत, थंडीत कुणी कुणासाठी कुडकुडत उभं राहायचं नाही. गल्लीतली इतर नवराबायको घरी मनसोक्त बोलायची आणि निम्मी एकमेकांना विटली होती. ही दोघं घरी गप्प असायची, पण घरी जाताना त्यांचे ओले पंचे एकाच टोपलीत असायचे.

मग चिहारुनं घोळ घातला. घोळ प्रेमाचाच होता. ती नवऱ्याला घेऊन आली आणि म्हणाली की आईचे गुडघे आता बोलायला लागलेत, हिवाळ्यात ओल्या केसांनी एवढं चालणं बरं नाही, स्वयंपाकघराला लागून छोटी बाथरूम बांधून घेऊ. तोमिएचे डोळे चमकले. अख्ख्या जन्मात तिला पहिल्यांदा स्वतःचा हौद मिळणार होता. एकटीपुरता, आणि गल्लीतल्या उमेनो आज्जीच्या आधी शिरायला धडपड न करता.

गेंझो म्हणाला, "नको."

'हं'च्या जागी 'नको' आलं म्हणून सगळेच चमकले. का नको, तर जमीन वजन पेलणार नाही. पेलेल म्हणून कारागिरानं सांगितलं, तेव्हा बुरशी येईल. बुरशी येणार नाही म्हटल्यावर तो म्हणाला की शेजारच्या मांजराला आवडणार नाही. तोमिएनं चहाचा पेला खाली ठेवला.

"तुमच्या घरात मला एक बादलीभर जागा नाही, एवढंच ना?" ती म्हणाली.

गेंझोकडे खरं कारण होतं. पण ते सांगायचं तर घरी, समोरासमोर सांगावं लागणार होतं, आणि नेमकं तेच त्याला येत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यानं भिंतीवरून हाक मारली. पलीकडून फक्त पाण्याचे आवाज आले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो "निघतोय गं" म्हणाला आणि बाहेर येऊन केस गोठेपर्यंत उभा राहिला, तर ती केव्हाच घरी जाऊन नूडल्स उकळत होती. गल्ली हवालदिल झाली. ही भिंत मुकी झाल्यावर आंघोळीला मजा काय? न्हाणीघराच्या गल्ल्यावर बसणाऱ्या बाईंनी गेंझोला सुट्टे परत देताना हलकेच सुचवलं की माफी मागितल्यानं कुणाची टाळू फुटत नाही.

मग एका संध्याकाळी गेंझोनं हौदात बसून डोळे मिटले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. मला बाथरूम नको, कारण तिथं आपण आळीपाळीनं आंघोळ करणार. तू आत, मी बाहेर, मग बोलायचं कुठून? घरी मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. इथं येता येता म्हातारा झालो, आता नव्यानं कुठं शिकू? तुझे गुडघे दुखतात तर मी तुला पाठुंगळी घेऊन येतो, पण येत जा.

एवढं बोलून तो थांबला. पुरुषांच्या बाजूला कुणी पाणी हलवेना. कुराता तोंडावर पंचा धरून बसला होता.

पलीकडून उमेनो आज्जीचा आवाज आला. "फार छान बोललास रे. पण तोमिए आज आलेली नाही. पुलापलीकडच्या न्हाणीघरात गेलीय. उद्या पुन्हा म्हण."

दुसऱ्या दिवशी सागी-युमध्ये बसायला पाट मिळेना. ज्यांच्या घरी बाथरूम होत्या तेही आले. उमेनो आज्जी तोमिएला हाताला धरून घेऊन आली होती, आणि का ते सांगितलं नव्हतं. गेंझो आत शिरला, गर्दी बघितली, आणि कालचा एकूण एक शब्द त्याच्या डोक्यातून वाफेसारखा उडाला.

"ऐकतेस का गं," तो म्हणाला. "काल बोललो, तेच."

"ती काल नव्हती!" बायकांची अख्खी बाजू म्हणाली.

"मला बाथरूम नको, कारण..." कुरातानं कानात सांगितलं. गेंझोनं तेवढं म्हटलं. मग हौदाच्या पलीकडच्या कडेनं कुणीतरी 'आळीपाळीनं' म्हणून शब्द पुरवला. अशी ती माफी पुरुषांनी मिळून, शाळेतल्या कवितेसारखी, ओळीओळीनं पार पाडली. गुडघ्यांची ओळ सगळ्यांना पाठ होती. ती संपली. तेव्हा गेंझो स्वतःच्या मनानं, कुणीही न पढवता पुढे बोलला.

"घरी तू समोर बसतेस. मी तुझ्याकडे बघत बसतो, आणि बोलायचं राहूनच जातं. इथं दिसत नाहीस, म्हणून जमतं."

भिंतीवरून साबण आला.

तो कुराताच्या कपाळाला लागला. गेंझो हल्ली सांगतो की आपल्यालाच लागला, आणि आजोबा पुन्हा भेटले. कुराता हरकत घेत नाही.

"अहो," साबणामागून तोमिएचा आवाज आला. धार जागेवर होती. "जन्मभर दारं करताय, आणि एवढं सुचलं नाही? बाथरूमची भिंत वरून उघडी ठेवा की."

पलीकडे हशा पिकला. अलीकडे लोक गेंझोच्या पाठीवर इतक्या थापा मारत होते की त्याला पुन्हा आंघोळ करावी लागली. शेवटी तो म्हणाला, "निघतोय गं." ती म्हणाली, "आलेच."

वसंतात बाथरूम झाली. भिंत वरून हातभर उघडी ठेवा म्हटल्यावर कारागिरानं दोनदा विचारलं, मग चिहारुला बाजूला घेऊन वडिलांची तब्येत कशी आहे ते विचारलं. आता तोमिए आत हौदात बसते, गेंझो स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून भाजी निवडत बोलतो. मग अदलाबदल. कुराता कधीकधी काही कारण नसताना मासळी द्यायला येतो आणि मागच्या दारात रेंगाळतो.

सागी-युचा बंब पुढच्या वर्षी फुटला आणि तो दुरुस्त झाला नाही. तिथं आता गाड्या उभ्या करतात.

गेंझोच्या स्वयंपाकघरातलं कपाट भिंतीवरून येणाऱ्या वाफेनं फुगलं आहे. त्याचं एक दार उघडत नाही आणि दुसरं लागत नाही.